मागची सीट

हेमचंद्र दांडेकर तोंडानं बोलायचा नाही, गाडीनं बोलायचा. मृणालिनीला हे लग्नानंतर चार-सहा महिन्यांतच कळलं होतं आणि तेरा वर्षांत तिनं कुणाकडे तक्रार केली नव्हती. माणसाची एकेक तऱ्हा असते.

एकाहत्तर साली तो तिला केनेडी विमानतळावर न्यायला आला तो नारिंगी डॅटसन २४०-झी घेऊन. सीटा दोनच. तिची ट्रंक मित्राच्या गाडीतून मागून आली. प्रेमाबिमाबद्दल चकार शब्द नाही; "दोघांपुरतीच आहे," एवढं म्हणाला आणि लाजला. चौऱ्याहत्तरमध्ये तिला दिवस राहिले, तेव्हाही गडी कुणाला काही सांगेना. सरळ गाडी बदलून आला. २६०, थोडी लांब, मागे दोन छोट्या सीटा असलेली. पार्सिपनी या त्यांच्या अमेरिकन गावातल्या समस्त मराठी काकूंना त्यावरूनच बातमी कळली आणि त्यांनी डोहाळजेवणाची तयारी सुरू केली.

दसऱ्याला त्या गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मृणालिनीनं नारळ उचलला तर हेमचंद्रनं तो हातातून काढून घेतला. "तू नको. पोटुशीनं नारळ फोडायचा नसतो."

सहाव्या महिन्यात सगळं संपलं. पुढे आणखी दोनदा तसंच झालं.

एकोणऐंशीत २८०-झीएक्स आली. ही गाडी पिढ्यान्पिढ्या कशी बदलत गेली, हे हेमचंद्र पाहुण्यांना पुराणासारखं ऐकवायचा. पहिली हलकी आणि तडफदार, दुसरीचे बंपर सरकारी नियमांपायी जाडजूड झालेले, आणि ही मऊ गाद्यांची, वयात आलेली. पाहुणे जांभया द्यायचे. याही गाडीला मागच्या सीटा घेतल्यात हे मात्र तो कुणाला सांगायचा नाही, आणि मृणालिनीला तेवढंच ऐकायचं असायचं. त्या पूजेलाही, पोटात काही नसताना, तो म्हणाला होता, "राहू दे, मीच फोडतो." त्या 'राहू दे'वर तिनं पाच वर्षं काढली.

यंदा ती चाळिशीला टेकली. गणपतीत पुण्याहून धाकट्या बहिणीचं, मीनाक्षीचं, पाकीट आलं. त्यात एका अनाथाश्रमाचा दत्तकाचा फॉर्म होता आणि अडीच वर्षांच्या एका मुलीचा फोटो. केस बारीक कापलेले, फ्रॉकचं एक बटण तुटलेलं. मृणालिनीनं आपली सही करून फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. त्यानं फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, गाडी घेतो ना, तेव्हा सांगतो.

नवी ३०० बाजारात आली होती. डॅटसन हे नाव जाऊन निसान लागलं होतं. मृणालिनीनं ब्रोशरमधल्या मागच्या सीटवाल्या मॉडेलभोवती बॉलपेननं गोल काढला. आठवड्यानं तोच गोल पुन्हा गिरवला. याहून स्पष्ट बोलणं त्या घरात कधी झालं नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी ती तबक घेऊन ड्राइव्हवेत उभी होती. चंदेरी गाडी आली. अजून इंजिन बंद झालं नव्हतं तोच तिनं काचेतून आत पाहिलं. सीटा दोन होत्या. मागे सामान ठेवायला सपाट जागा, त्यावर करडं कार्पेट.

"टर्बो इंजिन याच मॉडेलला मिळतं," हेमचंद्र उतरता उतरता म्हणाला. मग जरा थांबला. "तुझं मार्किंग पाहिलं होतं मी. पण मृणाल, आता आपण दोघंच ना."

भांडायला निदान त्यानं नाही तरी म्हणायला हवं होतं. तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, एक रेघ वाकडी गेली. तोवर त्यानं कॅमेरा काढला.

"नारळ तू फोड ना. मी फोटो काढतो."

मृणालिनी त्याच्याकडे बघत राहिली. तो फिल्म पुढे सरकवत होता. इतकी वर्षं आपण हिच्या हातात नारळ का दिला नाही, हेच तो विसरून गेला होता. मुद्दाम बोलला असता तर तिला इतकं लागलं नसतं.

तिनं नारळ फोडला. एका घावात फुटला, पाणी टायरखाली गेलं.

तिला बसवायला त्यानं दार उघडलं. किल्ली आतच होती. गाडीतून रेकॉर्ड केलेल्या आवाजात एक बाई इंग्रजीत शांतपणे म्हणाली की उजवं दार उघडं आहे.

"बघ, बोलते," हेमचंद्र खुशीत म्हणाला. "घरात बोलणारं कुणीतरी आलं."

मृणालिनीनं दार लावलं आणि चक्कर मारायला न जाता ती घरात आली. तिनं खोबऱ्याचे तुकडे केले, त्यात साखर घातली. खोबरं गोड निघालं होतं. हेमचंद्रनं दोनदा मागून घेतलं.

मग तिनं मीनाक्षीला पत्र लिहिलं. 'आमची नवी गाडी आली. दोन सीटची आहे.' पुण्यात बसून मीनाक्षीला त्यातून काय कळणार, म्हणून तिनं त्याच पाकिटात त्या मुलीचा फोटो परत घातला.