पाचवीच्या आतली लेकरं

केंदूरच्या ओढ्यापलीकडं जी धनगरवस्ती आहे, तिथं तीन वर्षांत एकही तान्हं बाळ दगावलेलं नाही, असं मी माझ्या हातानं लिहून दिलं होतं. एकोणीसशे नव्याण्णव साल. अक्षर चांगलं होतं माझं. शून्यसुद्धा गोल गरगरीत काढायचे.

पुण्यात आम्ही चौदाजण सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम शिकत होतो. शेवटच्या सहामाहीत खेड्यात जाऊन पाहणी करायची होती. करमरकर मॅडमनी शिरूर तालुका निवडला, कारण तिथल्या एका संस्थेकडं एक जीप होती आणि एक नर्स होती. आठवड्यातून एकदा ती जीप तीन वस्त्यांपैकी एकाच वस्तीवर पाठवणं संस्थेला जमणार होतं. कुठल्या, ते आमच्या आकड्यांवरून ठरायचं. जिथं तान्ही बाळं जास्त गेली, तिथं जीप. इतकं सरळ.

मी भांडगावची. वडील बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन, घरची बागायत. त्यामुळं खेडं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत. वर्गातल्या शहरी मुली शेणाला नाक मुरडायच्या तेव्हा मी त्यांना हसायचे. धनगरवस्ती मी मागून घेतली. खरं तर ती मल्हारला मिळायची. तो शिरूरकडचाच, धनगराच्या घरातला. पण ओळखीच्या माणसांत उत्तरं बदलतात म्हणून मॅडमनी त्याला दुसरीकडं धाडलं.

वस्ती चाळीस घरांची. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणं त्यांच्या आज्यापणज्यांबरोबर संपलं होतं, आता बाजरी, कांदा आणि दारात पाच-सहा शेळ्या. वच्छलाबाईचं घर ओढ्याच्या कडेला. मुलगा शंभू कोरेगाव भीमाला कंपनीत, घरात सून पूनम आणि पाच वर्षांची नात धनश्री. पूनमला सातवा महिना होता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी, आणि तिची सगळी उत्तरं सासू देत होती.

"सुनेला मुलं किती झाली, मावशी?"

"ही एक धनश्री. आन् आता ह्ये."

"मधे कुणी दगावलं?"

"न्हाई बाई. द्येवाच्या दयेनं कुनी न्हाई."

पूनमनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. एवढंच, पाहिलं. मला ते दिसलं होतं, हे मी आजही नाकारत नाही. पण त्या दिवसाची अजून बारा घरं राहिली होती आणि पाबळकडून येणारी चारची एसटी गाठायची होती. मी शून्य काढलं आणि पुढच्या दाराला गेले.

मॅडमनी माझे फॉर्म वर्गात दाखवले. एक खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. जीप मल्हारच्या वस्तीला मिळाली, तिथं चार बाळं गेलेली निघाली होती. बाहेर चहाच्या टपरीवर मल्हार म्हणाला, "चाळीस घरं आणि शून्य? पुण्यात तरी असं होतं का गं?"

"तुझ्याच लोकांचं चांगलं झालेलं तुला बघवत नाही का रे?" मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नव्हतं. तो चहा अर्धाच टाकून उठला, आणि ते उठून जाणं मी माझा विजय समजले.

महिन्याभरानं फॉर्मांवर सरपंचाचा शिक्का राहिला म्हणून मला पुन्हा केंदूरला जावं लागलं. उन्हाचा फेरा नको म्हणून ओढ्याच्या कडेनं निघाले. एका बाभळीखाली मातीचे लहान लहान उंचवटे दिसले, एकेका हातभर लांबीचे. प्रत्येकावर दोन-तीन चपटे दगड आणि वरून काट्याच्या फांद्या, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. ते काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. आमच्या भांडगावातही पुरतात. जुने खचून जमिनीला लागले होते. ताजे वाटणारे मी मोजले. सहा. मी तिथंच खाली बसले.

वच्छलाबाई शेळ्या घेऊन तिकडूनच येत होती.

"मावशी, ही कुणाची?"

"आमचीच की."

"तुम्ही तर म्हणालात, कुणी दगावलं नाही."

"न्हाईच दगावलं." तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. एखाद्या अडाणी पोरीला समजावून सांगावं तशी ती मला सांगायला लागली. "ही पाचवीच्या आतली. सटवाईनं कपाळावर लिवलंच न्हाई, तर ती आपली कशी म्हनावी? तिनं आनली, तिनं न्हेली. तुमी आमची लेकरं इचारली. सटवाईची कुटं इचारली?"

"यात पूनमची किती?"

तिनं काठीनं दाखवलं. "त्यो आन् त्यो. एक गेल्या आखाडातला, एक त्याच्या आदल्या सालच्या शिमग्यातला."

आमच्याकडंही पाचवी पुजतात. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि पेन ठेवून, सटवाईनं येऊन बाळाचं नशीब लिहावं म्हणून. माझ्याही पाचवीला ठेवला होता, आई हौसेनं सांगते. हे सगळं ठाऊक असलेली त्या वर्गात मी आणि मल्हार, दोघंच. आणि दाराशी उभं राहून उंटावरून शेळ्या हाकल्या त्या मी. पूनमला आता आठवा लागला होता, आणि माझ्या शून्यामुळं तिच्या दारात जीप येणार नव्हती.

मी शिक्का न घेताच परतले आणि तशीच मॅडमकडं गेले. पूनमच्या त्या पाहण्यासकट सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फॉर्म उघडून तो रकाना काढला. "प्रश्न मी लिहिला होता," त्या म्हणाल्या, "म्हणजे पहिली चूक माझी. पण त्या मुलीनं तुझ्याकडं पाहिलं तेव्हा तू थांबली का नाहीस, सुलक्षणा?" त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी संस्थेची बैठक होती. तोवर चाळीस घरं पुन्हा करायची होती, पण नुसतं पुन्हा विचारून तेच उत्तर आलं असतं. मी मल्हारकडं गेले. आधी माफी मागितली, मग प्रश्न मागितला. "मला काय माहीत?" तो म्हणाला. "आमच्यात हे पुरुषांना सांगत नाहीत." पण तो रविवारी घरी गेला आणि आईला विचारून आला. आई म्हणाली होती, लेकरं किती असं विचारू नका, कळा किती वेळा आल्या ते विचारा. लेकरू सटवाईचं असेल, कळा तर बाईच्याच असतात.

मी तोच प्रश्न घेऊन गेले. कुणाला समजवावं लागलं नाही, कुणी थांबून आठवलं नाही. धुरपदा नावाच्या बाईच्या घरात दोन मुलं होती. ती म्हणाली, "सात." मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "हे कुनी इचारलंच नव्हतं कवा." पूनमनं यावेळी सासूच्या आधी उत्तर दिलं. "तीन. आन् चौथ्याची वाट बगतीया."

तीन वर्षांत नऊ. बैठकीत मॅडमनी कुणाकुणाशी भांडण केलं ते मला कळलं नाही, पण मल्हारच्या वस्तीची सोमवारची जीप तशीच ठेवून गुरुवारी केंदूरला दुसरी फेरी मिळाली. पहिला गुरुवार ठरला. पूनमच्या दिवसांना अजून वीस-बावीस दिवस अवकाश होता. मी निर्धास्त होते.

त्या गुरुवारी पार्वतीबाई नर्सबरोबर मीही जीपमध्ये होते. वच्छलाबाईच्या दारात पोचलो तर आतून आवाज नव्हता. पूनम मंगळवारीच बाळंत झाली होती. मुलगा, ओंजळीत मावेल एवढा. त्याला आंघोळ घालून सुपात, एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठेवला होता. अंग गार, श्वास तेवढा चालू. दोन दिवस गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याशिवाय पोटात काही नव्हतं, कारण पहिलं दूध चीक म्हणून पिळून टाकायची रीत. वच्छलाबाई दाराबाहेर बसली होती. निर्दय नव्हती ती. तिनं हे इतक्या वेळा पाहिलं होतं की आधीच हात सोडायला शिकली होती.

"आज तिसरा," ती मला म्हणाली. "बगू."

पार्वतीबाईंनी 'बगू' ऐकून घेतलं नाही. बाळाला उघडं करून पूनमच्या उघड्या छातीशी लावलं, वरून घोंगडी गुंडाळली. तिचं दूध वाटीत काढून चमच्यानं थेंब थेंब पाजायला लागल्या. सासूनं "आवो, चीक हाय त्यो," म्हटलं तेव्हा त्यांनी मागं न बघता सांगितलं, "शेळीच्या करडाला पाजता ना चीक? मग नातवानं काय पाप केलंय?" वच्छलाबाईनं उठून बोळ्याची वाटी बाजूला सारली. शिरूरच्या दवाखान्यात न्यायला मात्र ती काही केल्या तयार झाली नाही. पाचवीच्या आत उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या, मग उंबरा मीच ओलांडते. शुक्रवारी त्या स्वतः एसटीनं आल्या. जीप गुरुवारचीच होती.

शनिवारी मीही गेले. ओढ्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. बाभळीखाली नवी माती नव्हती. घराच्या अलीकडंच रडणं ऐकू आलं, मांजराच्या पिल्लाएवढं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि ती मी पुसली नाही.

दिवेलागणीला वच्छलाबाईनं पाटा-वरवंटा मांडला. हळद-कुंकू वाहिलं, पुरणाचे दिवे ठेवले. मग माझ्याकडं हात केला.

"बाई, प्येन द्या. आन् एक कागूद."

मी पिशवीतून फॉर्म काढला. तिनं तो उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला. "कोरा द्या. तुमचं लिवल्यालं नगं."

मी वहीचं कोरं पान फाडून दिलं. ज्या पेनानं शून्य काढलं होतं तेच पेन तिनं पाट्यापाशी कागदावर ठेवलं. तासाभरानं, पूजा आटोपल्यावर, तिनं पेन मला परत दिलं. कागद मात्र घडी करून बाळाच्या उशाखाली सारला.

मी निघाले तशी घोंगडीतून पूनमनं हाक मारली. "ताई, तो दुसरा कागूद हाय न्हवं तुमच्याकडं? त्यावर त्या दोगांचं लिवलं का?"

"आकडा लिहिलाय," मी म्हणाले. "दोन."

"नुसता आकडा नगं."

मी तिच्या उशाशी बसले. फॉर्म मांडीवर घेतला. मुलगा की मुलगी, तिनं सांगितलं. किती दिवस जगला, सांगितलं, एकाचे तीन, एकाचा दीड. मग नावाचा रकाना आला. त्यांचं बारसं झालंच नव्हतं. इथं काय लिहू, असं मी तिला विचारलं.

पूनमनं बाळाच्या डोक्यावरची घोंगडी सारखी केली.

"माजं लिवा," ती म्हणाली.