दाराआडचा खोकला

ऐका अण्णा, एक गोष्ट सांगतो, पण स्वल्प जवळ सरका.

आपली संयोगिता दवाखान्यांत किती पोरं येतात त्याचा अभ्यास करते. यंदा के. आर. पुरमकडच्या एका मजूर वस्तीतून एकही पोर आलं नाही. तिचे साहेब खूश! "आजार संपला, लिहून टाक."

तिला पटेना. ती वस्तीत गेली, तर भरदुपारी दारं बंद आणि दारादाराआड बारीक खोकला.

एक बाई फटीतून म्हणाली, "अक्का, इथं पोरं नाहीत. गेल्या वर्षी तुम्हीच नावं-पत्ते लिहून नेलेत. महिन्यात पालिकेनं त्या यादीवरून आमची अर्धी राहती शेडं पाडली."

संयोगिताच्या हातात तोच फॉर्म होता. आतला खोकला एकदम थांबला, कुणी तोंड दाबल्यासारखा.

अण्णा, तुमच्या ओळखीचा डॉक्टर तिकडे न्या. फक्त नाव कुणाचं विचारू नका.