मान आणि जागा

बटणवाली आज उजाडायच्या आतच कोपऱ्यावर येऊन बसली होती. आज महापालिकेच्या कार्यालयाचा कारकून येऊन प्रत्येक फेरीवाल्याचा त्याच्या जागेवर फोटो काढणार होता. ज्याचा फोटो, त्याच्या नावाचं परवान्याचं कार्ड. ज्याचं कार्ड नाही, त्याचं बस्तान उद्या फुटपाथवरून उठणार.

शिंप्यांच्या दुकानांसमोर ती अकरा वर्षं बटणं, हुक, इलॅस्टिक विकत होती. नवरा गेल्यावर दोन मुली तिनं या कोपऱ्यावर वाढवल्या. आज तिनं डबे तीनदा मांडले, तीनदा मोडले.

"अगं, फोटो तुझा काढणारेत, बटणांचा नाही!" शेजारची कंगवेवाली म्हणाली.

कारकून आला आणि नेमके तेव्हाच थोरले दीर उगवले. भावजय रस्त्यावर बसते म्हणून लाज वाटणारे हे गृहस्थ कधी या रस्त्याकडे फिरकले नव्हते. पण अंगवळणी पडलेली सवय! दीर दिसताच ती ताडकन उठली आणि स्टूल पुढे सरकवलं. दीर ऐसपैस बसले. कॅमेरा खटकन वाजला.

"मालकाचं नाव?"

दिरांनी स्वतःचं सांगितलं.

"आणि या बाई?"

"भावजय आमची. असते मदतीला."

कारकुनानं लिहिलं, मदतनीस. मदतनीस! अकरा वर्षं उन्हात बसली ती, आणि मालक कोण, तर आत्ता टेकलेला हा! संताप येतो, दुसरं काय!

"भाऊजी, हे काय?"

"कार्ड घरातच राहतंय ना? तू कशाला कार्यालयात खेटे घालतेस? आणि हे बघ, मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण या कोपऱ्याचं चांगलं भाडं देतोय. तू आता घरी बस."

ती दिरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"उठा."

"काय?"

"उठा म्हणते. मी तुम्हाला मान द्यायला उठले, भाऊजी. जागा द्यायला नाही."

"लोकांसमोर तमाशा नको हं!"

"तमाशा कसला? बघू दे की लोकांना!" कंगवेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. चार शिंपी दुकानांबाहेर आले. दीर इकडेतिकडे बघत पुटपुटत उठले. ती बसली.

"खाडाखोड चालत नाही हो," कारकून कुरकुरला.

"मग नवा कागद घ्या. मी काही आता उठत नाही."

त्यानं नाइलाजानं पिशवीतून नवा कागद काढला आणि कॅमेरा पुन्हा उचलला.

वाचकहो, तुम्ही आत्ता जिथे बसला आहात, तिथून तुम्हाला मान द्यायला कोण उठलं होतं?