उलटा काटा

आमची गाडी बावन्न सालची, अमेरिकन. गेल्या वर्षी ओनेलिओने तिच्यात रशियन ट्रकचं इंजिन बसवलं, तापमान मोजणाऱ्या सेन्सरसकट. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र जुनाच ठेवला, कारण त्याची चकती देखणी आहे. नवरा निवडताना मीही हीच चूक केली होती.

इंजिन बदलल्यापासून काटा सकाळी चावी फिरवल्याबरोबर लाल पट्टीवर जाऊन बसायचा आणि गाडी पळायला लागली की हळूहळू निळ्याकडे उतरायचा. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. ओनेलिओ म्हणायचा, "बाईमाणूस आहे ती, नेर्सिदा. उठताना तापलेली असते, मग थंड होते." आणि रात्रभर गार पडलेल्या इंजिनावर रोज सकाळी बादलीभर पाणी ओतायचा. आमच्या गल्लीत प्रत्येक पुरुष मेकॅनिक आहे. तेही उभे राहून माना डोलवायचे.

त्या शनिवारी डोंगरापलीकडे बराकोआला भाचीचा पंधरावा वाढदिवस होता. आमच्यात मुलगी पंधरा वर्षांची झाली की लग्नासारखा थाट करतात, आणि केक माझ्याकडे होता. तीन मजली, वर अंड्याच्या फेसाचं गुलाबी मेरिंग. खोका कुठून आणणार? फळीवर ठेवून मांडीवर घेतला. तो संध्याकाळच्या आत उभाच्या उभा पोचला नसता, तर नणंदेने मला जन्मभर ऐकवलं असतं.

चढ लागला तसा काटा निळ्यात गेला.

"बघ, डोंगराची हवा मानवली तिला!" म्हणत ओनेलिओने आणखी जोरात दामटली.

"करपल्याचा वास येतोय."

"तुझ्या केकचा असेल."

"माझा केक करपत नाही, ओनेलिओ!"

एवढ्यात बॉनेटखालून फस्सकन वाफ उसळली. गाडी थांबली. काटा निळ्याच्या अगदी तळाशी.

"इंजिन तर गार आहे," वाफेच्या ढगातून त्याचा आवाज आला.

झाडाखाली बसलो. वरच्या मजल्याचं मेरिंग घसरायला लागलं आणि मी रडायच्या बेतात आले. वाफ विरली तशी गाडीच्या उघड्या दारातून माझी नजर काट्याकडे गेली. इंजिन निवत होतं आणि काटा वर चढत होता.

"चावी चालूच ठेव आणि काटा बघत बस," मी म्हणाले. जवळच्या ओढ्यात फडकं भिजवलं आणि इंजिनातल्या त्या अंगठ्याएवढ्या सेन्सरवर गुंडाळलं.

"काय झालं?"

"वर चाललाय."

"कुठवर?"

आत काट्याच्या काचेवर टिचक्या वाजल्या.

"ओनेलिओ!"

"लालपर्यंत."

मग त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला. रशियन सेन्सर तापला की वीज कमी सोडतो, आणि अमेरिकन काटा वीज कमी झाली की गार दाखवतो. दोघांनी मिळून वर्षभर आम्हाला मूर्ख बनवलं होतं.

"म्हणजे रोज सकाळी मी..."

"गार इंजिनाला आंघोळ घालत होतास."

तो दगडावर बसून राहिला. मला त्याची दयाही आली, पण केक बघितला आणि ती गेली.

इंजिन पुरतं निवल्यावर ओढ्याचं पाणी भरलं. खोकत खोकत चालू झालं बापडं. पुढे काटा निळ्याकडे झुकला की मी ओरडायचे, ओनेलिओ गाडी थांबवायचा. काटा लालकडे आला की निघायचो. असे आम्ही पोचलो. केक जरा कलला होता, पण उभा होता. भाचीने मला मिठी मारली आणि माझा जीव भांड्यात पडला.

अंगणात ओनेलिओभोवती पुरुष जमले. "काटा उलटा आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं," तो सांगत होता. "फडकं भिजवलं, सेन्सरवर ठेवलं..."

मी केकची सुरी पुसत शांतपणे त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने माझा चेहरा पाहिला आणि घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, नेर्सिदाने ठेवलं. सगळं तिनेच शोधलं."