बशी पडेपर्यंत पाणी नाही

शेवटी बशीमामाने हात जोडून पाणी मागितलं आणि ते त्याला चमच्याने मिळालं. पण असा प्रकार झालाच नाही, हे अख्ख्या गल्लीने एकमताने ठरवलं आहे. तेव्हा आपणही तो झाला नाही असंच धरून चालू.

झालं ते इतकंच, की गल्लीत उलट्या-जुलाबांची साथ आली आणि बशीमामाच्या पत्र्याच्या शेडपुढे रांग लागली. मामा रोग्याची पाठ उघडी करायला लावी, मंतरलेल्या ओल्या फडक्याने ती पुसे आणि स्टीलची चपटी बशी टेकवे. बशी चिकटे! उभ्या पाठीवर, डिंकाशिवाय, दोऱ्याशिवाय! बघणाऱ्यांचे डोळे बशीएवढे होत.

"रोगाने धरलीय तिला," मामा डोळे मिटून सांगे. "रोग संपला की आपोआप पडेल. मध्येच हात लावाल तर रोग उलटेल. आणि तोवर पाण्याचा थेंब नाही! पाणी म्हणजे रोगाचं दूध. तुम्ही पाजाल, तो बाळसं धरेल."

हे शास्त्र काचवालीच्या सासूबाईंना फार पटलं. सून काचेच्या दुकानात कामावर गेलेली बघून त्यांनी चार वर्षांच्या नातीला, भिंगरीला, उचललं आणि शेड गाठली. पोरीला कालपासून अकरा जुलाब आणि सहा उलट्या झाल्या होत्या.

निरोप मिळताच काचवाली धावत आली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट चालला होता. भिंगरीच्या पाठीवरची बशी दहा मिनिटांत पडली होती. मामाच्या कारकिर्दीतला हा विक्रम होता.

"सूनबाई, बरी झाली गं आपली भिंगरी!"

भिंगरी रडत होती. तोंड वाकडं, आवाज चिरका, सगळं रीतसर होतं. फक्त डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. डोळे खोल गेले होते, जिभेला कोरड पडली होती.

"आई, हिने शू कधी केली?"

"सकाळपासून नाही. बघ ना, तेही थांबलं!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

काचवालीने पोरीला खांद्यावर टाकलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तंबूसारखी उभीच राहिली.

"पाणी कोणी बंद केलं?"

सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

"आजी, जुलाब बरे होऊन थांबले नाहीत. टाकी रिकामी झाली की नळही थांबतो. आणखी तासभर उशीर केला असतात तर..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं आणि सलाईनची सुई हातात घेतली.

पोरगी जरा सावरल्यावर जलसंजीवनीचं पाणी सुरू झालं. दर दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने आईच्या मांडीवर भरपूर शू केली. एवढा आनंद काचवालीला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. तिने साडी पिळली, डोळे पुसले आणि सूड कसा घ्यायचा याचा शांतपणे विचार सुरू केला. विचाराला वेळ लागला नाही. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटल्या की पहिलवान आणला तरी सुटत नाहीत. म्हणून दुकानात त्यांच्यामध्ये कागद घालतात. तिची निम्मी नोकरी तो कागद घालण्यातच गेली होती.

मंगळवारी भरदुपारी, रांग ऐन रंगात असताना, ती सासूबाईंना घेऊन शेडमध्ये शिरली.

"मामा, तुम्ही एवढ्या लोकांचा रोग काढता. तुमच्या अंगात थोडा उरला असेल. आज आम्ही तुमची सेवा करणार."

"माझ्या अंगात रोग टिकत नाही, बाई!"

"मग बशी चिकटणारच नाही. लावून बघू."

"हो, बघू, बघू!" रांगेला चमत्कार हवाच होता.

काचवालीने मामाच्याच फडक्याने त्याची रुंद पाठ पुसली आणि बशी टेकवली. टप्! बसली. वर पत्रा तापलेला, मामाला घाम फुटलेला. जितका घाबरे, तितका घाम येई. जितका घाम, तितकी बशी घट्ट. अर्ध्या तासाने त्याने माठाकडे हात नेला. सासूबाईंनी त्या हातावर फटका मारला.

"मामा! रोगाला दूध पाजता?"

लग्नानंतर पहिल्यांदाच सासू सुनेच्या बाजूने उभी राहिली होती.

दोन तासांनी मामाची जीभ टाळूला चिकटली. "अगं बाई, पाणी दे! कसला रोग न् कसलं काय! पाठ ओली आहे म्हणून चिकटलीय ती! कोरड्या फडक्याने पूस, पडेल!"

काचवालीने कोरड्या फडक्याने बशीच्या कडेने पाठ पुसली, बशी जराशी सरकवली. खण्ण! मग तिने कोपऱ्यातल्या मोरीच्या भिंतीवरची टाइल ओली करून बशी तिच्यावर दाबली. चिकटली.

"हिला किती जुलाब झालेत, मामा?"

कोणी हसलं नाही. रांगेतल्या बाया आपापल्या पोरांच्या कोरड्या ओठांकडे बघत होत्या.

"तुम्हाला घाम आहे, म्हणून तुमची बशी दोन तास टिकली," काचवाली म्हणाली. "माझ्या लेकीच्या अंगात घामापुरतंही पाणी उरलं नव्हतं. मूल जितकं मरायला टेकलेलं, तितका तुमचा चमत्कार झटपट. चला गं, पोरांना पाणी पाजा आणि दवाखान्यात चला."

मग तिने मामाला पाणी दिलं. एक चमचा.

"तांब्या दे ना!"

"घाईने प्यायलात तर उलटी होईल. दोन मिनिटं थांबा." आणि तिने शांतपणे घड्याळाकडे पाहिलं.

बुधवारी आरोग्य कार्यालयात काचवालीचा पुढील अर्ज दाखल झाला:

'मा. आरोग्य अधिकारी यांस, सविनय विनंती अर्ज. जुलाब झालेल्या मुलाला पाणी न देणे हा उपचार नसून घात आहे. सबब, जी व्यक्ती आजारी मुलाचे पाणी बंद करील, तिला त्या मुलाच्या खाटेशेजारी बसवावे व मुलास लघवी होईपर्यंत तिलाही पाण्याचा थेंब देऊ नये, असा नियम व्हावा. सदर नियम कृपया कालच्या दुपारी बारा वाजल्यापासून लागू करण्यात यावा. कळावे.'