मागल्या पायांचा घोडा

मी अर्धा घोडा बोलतोय. मागला अर्धा. तोंड पुढल्या अर्ध्याकडे होतं, ते गेलं. तेव्हा हा आवाज येतो कुठून, ते विचारू नका. भल्या माणसांनी काही गोष्टी विचारायच्या नसतात.

हसलात ना? बरं वाटलं. माझ्याजवळ फार दिवसांत कोणी हसलं नाही.

माझा जन्म नागपूरचा, विणकरांच्या मोहल्ल्यातला, सन एकाहत्तरचा. त्या वर्षी एका हिंदी पिक्चरने सगळं शहर खुळं केलं होतं. त्यात नायक घोड्यावरून येतो, नायिकेला पळवतो आणि दोघं सापडेपर्यंत नऊ गाणी होतात. आमच्या गणेश मंडळाचे कृष्णकांत मास्तर तो पिक्चर अकरा वेळा पाहून आले. बाराव्या वेळी वही घेऊन गेले. गाणी मराठीत केली, चाली तशाच ठेवल्या आणि रडायच्या जागी हसायचं टाकलं. म्हणाले, "रडायले घरी काय कमी हाय?"

घोडा आधी खरा आणला होता, टांग्याचा. त्याने पहिल्याच तालमीत नाटकातला बगीचा खाल्ला. मग गिरिधर शिंप्याने मला शिवलं. गोणपाट, बांबूच्या कामट्या, आतून जुन्या गादीचा कापूस, सुताची शेपटी. दोन तुकडे, पोटाजवळ नाड्यांनी बांधलेले. पुढल्यात एक माणूस उभा, मागल्यात एक वाकलेला. हाच गिरिधर लुगडं नेसून नायिका व्हायचा आणि सातव्या गाण्यात माझ्याच पाठीवर टेकायचा. स्वतःच्या शिलाईवर एवढा भरवसा असलेला शिंपी मी दुसरा पाहिला नाही.

तालीम नसली की मी मास्तरांच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात मागे पडून असायचो. म्हणून माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मागल्या बाकावरचं.

पुढल्या अर्ध्यात रुपराव. मान हलवणं, कान टवकारणं, खिंकाळणं सगळं त्याच्याकडे, म्हणून टाळ्याही त्याच्या. माझ्यात जागेश्वर. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या पावड्या दाबायचा, संध्याकाळी माझ्यात शिरून रुपरावची कंबर धरायचा. मी त्याला कमी छळलं नाही. ऐन गाण्यात त्याच्या नाकात कापूस सोडायचो. मग प्रेक्षक म्हणायचे, हा घोडा मागून शिंकतो!

घोड्यात कोण आहे हे घरच्या बाईलाही सांगायचं नाही, अशी मास्तरांनी दोघांना पेटीवर हात ठेवून शपथ घातली होती. "माणूस समजला का घोडा मेला," म्हणायचे.

आता गंमत ऐका. जागेश्वरचं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. बायको उमरेडची, चंद्रकला. शपथेच्या आधीच हा शहाणा तिला बोलून बसला होता, "मी बी हावो नाटकात." तिने ते माहेरी कळवलं. गणपतीच्या पाचव्या दिवशी पहिला खेळ झाला. ती बिचारी राजात, शिपायात, माळ्यात नवऱ्याचं तोंड शोधत राहिली. शेजारची बायजाबाई काय सोडते! "कोणता वं तुया नवरा? झाड होऊन उभा होता का?"

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत जागेश्वर माझ्यात वाकला तो उठेचना.

"काय झालं गा?" रुपरावने पुढून विचारलं.

"बायको बोलत नाही माह्याशी. म्हणते, लबाडाच्या घरी नाई राहत. विसर्जन झालं का भाऊ न्यायले येऊन राहिला."

"मंग सांगून टाक ना."

"शपथ हाय. अन् सांगू काय? घोड्याचं बूड हावो म्हणू?"

त्या दिवशी मी कापूस सोडला नाही.

आठव्या दिवशी दुसरा खेळ. बायजाबाईने चंद्रकलाला ओढूनच आणलं. सातवं गाणं रंगलं, गिरिधर पाठीवर टेकला आणि पेटीचा भाता फाटला. सूर गेला. तबलाही थांबला. रुपराव मान ताठ करून उभा. पण विणकराच्या पायांना थांबणं ठाऊक नसतं. जागेश्वरचे पाय त्यांना येणारं एकच काम करू लागले, पावड्या दाबायचं. डावा, उजवा, डावा, उजवा. आणि दर खेपेला उजव्याचा अंगठा टुणकन वर. पाय उघडेच होते, काजळी फासलेले.

नव्या सुनेने सासऱ्यासमोर मान वर करायची नाही, अशी त्या घरची रीत. नवऱ्याच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरताना डोळे खाली. त्यामुळे चंद्रकलाने नवऱ्याचं तोंड पाहिलं असेल थोडंच; पाय मात्र पाठ केले होते.

ती ताडकन उठली. "अवं माय! हे तं आमचे हायेत!"

"कोण वं? घोडा?" बायजाबाई ओरडली.

"मागले! मागले पाय आमचे!"

सगळा मांडव हसून लोळला. मास्तर पडद्यामागे कपाळ धरून बसले. आणि माझ्यात, अंधारात, जागेश्वर रुपरावच्या पाठीला डोकं टेकून हुंदके देत हसत होता. ते मीच पाहिलं.

विसर्जनानंतर भाऊ आला, जेवला आणि एकटाच परत गेला.

पुढे बारा वर्षं खेळ झाले. लोक "मागले पाय!" म्हणून शिट्ट्या मारायचे. चंद्रकला दरवर्षी पहिल्या रांगेत. नायकाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मग मोहल्ल्यातले माग बसत गेले. जागेश्वरचा खड्डा बुजवून वर फरशी आली. तो एका कारखान्याच्या फाटकावर दिवसभर उभा राहू लागला. चौऱ्याऐंशी साली मंडळाने भाड्याने टीव्ही-व्हिडिओ आणून तोच पिक्चर लावला. खऱ्या घोड्याचा. गर्दी आमच्यापेक्षा दुप्पट! मास्तरही बसले होते, तेराव्यांदा. रुपराव लेकीकडे भिलाईला गेला. पुढला अर्धा तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैलांच्या जोडीने मिरवायला कोणाच्या पोरांनी नेला, तो आलाच नाही.

मी जागेश्वरच्या घरी, आढ्याला. पोटाच्या नाड्या मोकळ्या लोंबतात. बांधायला समोर कोणी नाही. दिवाळीला चंद्रकला झटकते, तेवढीच भेट. संध्याकाळी जागेश्वर खाली स्टुलावर येऊन बसतो. मी वरून त्याचे पाय बघतो. सुजलेले, जोडीने ठेवलेले. रेडिओवर आमचंच गाणं लागलं तरी हलत नाहीत.

मला काही मोठं नको. दोन पाय मिळाले तरी पुरे. कोणाचेही चालतील.

कोणाचेही कसे चालतील हो! त्याचेच पाहिजेत. तुम्ही गेलात तिकडे तर सांगा त्याला, गुडघे दुखतात तर वाकू नको. नुसता आत येऊन बस.