आज मी कोणाचे आजोबा?

"छान झालंय हो बाबा," मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली आणि तिथेच थांबली. तिने न उच्चारलेला 'पण' रंगाऱ्याला आधीच ऐकू आला.

"पण काय?"

"पण ही कोणाची तरी आई वाटते. माझी नाही."

तिने ते हळूच म्हटलं, तरी लागायचं ते लागलंच.

रंगारी हे त्याला शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. खरं तर गड्याच्या बोटाला आयुष्यात कधी रंग लागला नव्हता. खिडकीशी टेबल, टेबलावर टॅब्लेट आणि काचेवर फिरवायचं पेन, एवढाच त्याचा संसार. लोक आपल्या गेलेल्या माणसांची चित्रं करून घ्यायला यायचे आणि फोटो आणायचे ते एकेक नमुनेदार. कुणी ओळखपत्रावरचा, कुणी कुठल्याशा गर्दीतून कापून काढलेला. त्यातून चेहरा कसाबसा मिळायचा. पण हात, खांदे, कोटाच्या चुण्या, बाजूने पडलेला उजेड, हे कुठून आणायचं? मनाने काढलं की बोटांची गाजरं होतात, हे तो फार लवकर शिकला होता. काढायला समोर काहीतरी लागतंच. आणि समोर बायको होती.

"आज मी कोणाचे आजोबा?" ती हात पुसत बाहेर येऊन विचारायची.

"आज न्यायाधीश आहेस. चादर घे खांद्यावर."

"मग शिक्षा कोणाला करू? नवऱ्यालाच?"

"हलू नकोस गं."

चादरीचा झगा व्हायचा, छत्रीची काठी व्हायची. तो मोबाईलवर फोटो घ्यायचा, हवा तेवढ्याच भागाचा. "चेहरा नकोय, खांदा जरा वळव," हे त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की पुढेपुढे तीच म्हणायची, "चेहरा नकोय ना? मग मी बोलले तर काय बिघडलं?" आणि दूधवाल्यापासून जाऊबाईंपर्यंत सगळ्यांचा समाचार घेत बसायची.

गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मुलीने नवं घर घेतलं तेव्हा बापाकडे एकच गोष्ट मागितली, आईचं चित्र. रंगाऱ्याने मोठ्या हौसेने फोटोंचा फोल्डर उघडला. फोल्डर तिनेच तर भरला होता! पण एकेक फोटो उघडत गेला तसं त्याच्या ध्यानात आलं. मानेखाली सगळी ती होती, मानेवर कोणीच नव्हतं. इतर वेळी ती कॅमेरा दिसला की दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन त्याच्यामागे लपायची. उरला ओळखपत्रावरचा फोटो, त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती. तोच चेहरा त्याने त्या खांद्यांवर बसवला, सावल्या नीट केल्या, ओठांच्या कडा किंचित वर उचलल्या. चित्र सुबक झालं, आणि ती त्यात आली नाही. इतकी वर्षं ती समोर बसली आणि आपण नेमकं तिला सोडून बाकी सगळं टिपलं, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

"ते राहू द्या आता," मुलगी म्हणाली. "तुमचा गाल बघा किती सुजलाय. चला आधी दाढ दाखवायला."

दातांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. एका काचेच्या पेटीत मासे फिरत होते आणि पाण्यातला उजेड छतावर डुलत होता. मुलगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. दाढदुखीवर घेतलेल्या गोळीच्या गुंगीत रंगाऱ्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. डॉक्टरांच्या वडिलांचं ते चित्र त्यानेच केलेलं. काठीवर दोन्ही हात टेकून म्हातारबाबा रुबाबात बसले होते. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा लहानसा डाग होता.

चित्र करताना तो डाग तो पुसणार होता. "राहू द्या की हो, तेवढीच माझी सही," बायको म्हणाली होती. पुढे डॉक्टर चित्र न्यायला आले आणि "बाबांचे हात अगदी असेच होते" म्हणून डोळे पुसू लागले, तेव्हा विषय तिथेच मिटला.

रंगाऱ्याच्या डोळ्यांपुढे सगळं पाण्यासारखं हललं. चपलांच्या दुकानातल्या चित्रात मालकाच्या आईला तिचे खांदे होते. शाळेत जुन्या मुख्याध्यापिका तिच्यासारख्या रेलून बसल्या होत्या. वाचनालयात कुणाचे तरी काका तिच्या बोटांनी पुस्तक धरून होते. अख्ख्या गावात ती परक्या चेहऱ्यांखाली बसून होती, बहुधा बोलतही होती. त्याला तिचा आवाज ऐकू आला आणि आवाजामागून, क्षणभर, चेहराही आला. हसता हसता बोलणारा, एका जागी न ठरणारा. तो कुठल्याच फोटोत मावला नसता.

त्याने मुलीला कोपराने ढोसलं. बोलायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून नुसतं बोट दाखवलं.

ती बघत राहिली. मग उठून चित्राच्या अगदी जवळ गेली.

"बाबा, हा डाग... माझा डबा भरताना भाजलं होतं तिला."

त्याने मान हलवली.

बाकावरचे लोक बघायला लागले होते, तिला त्याचं भान नव्हतं. परत येऊन ती त्याला खेटून बसली. म्हणाली, "बाबा, ते चित्र नको मला. हातच काढून द्या." आणि डोळे पुसत हसली. "चेहरा नकोय."

दाढ गेली, सूज उतरली. एका सकाळी रंगारी खिडकीशी बसला. स्क्रीनच्या एका बाजूला त्याने तो फोटो लावला, छत्रीवर टेकलेल्या दोन हातांचा, आणि दुसऱ्या बाजूला कोरं पान घेतलं. पेन टेकवताना सवयीने तोंडातून गेलं, "हलू नकोस गं."

मग सगळ्यात आधी त्याने अंगठ्याजवळचा डाग रंगवायला घेतला.